पदवीचा उत्पादन खर्च

जून महिना लागला की तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांची गर्दी तीन ठिकाणी दिसते. एक बी-बियाण्याच्या दुकानात, दुसरी पीककर्जासाठी बँकेत आणि तिसरी सेतू कार्यालयात. तिसऱ्या गर्दीतल्या माणसाच्या हातात एक पिशवी असते. तिच्यात पोराची बारावीची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर असे कागद असतात. बहुतेक वेळा तिन्ही गर्दीत माणूस तोच असतो.

बियाण्याच्या दुकानात हा माणूस मोठा चौकस असतो. पिशवीवरची तारीख वाचतो. उगवणशक्ती किती ते विचारतो. मागल्या वर्षी हे वाण शेजाऱ्याच्या रानात कसे आले याची चौकशी करतो. एवढे करून घरी आणलेल्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजतो. तीन-साडेतीन हजारांच्या पिशवीसाठी एवढी तपासणी! आठ लाखांच्या पदवीसाठी मात्र तो एकही प्रश्न विचारत नाही. कॉलेजची इमारत पाहतो, गेटवरचा पुढाऱ्याचा फोटो पाहतो, पाहुण्यांचा पोरगा इथेच शिकला असे ऐकतो आणि पैसे भरून मोकळा होतो.

हा प्रश्न आता आपल्या मेळाव्यांत मांडायला हवा. शिक्षण चांगले की वाईट, हा वाद नाही. शिक्षण चांगलेच. प्रश्न एवढाच आहे की, शिक्षण म्हणून जे विकले जाते त्याची किंमत किती, त्यातून पदरात काय पडते आणि शेतकरी ते घेण्यासाठी जमीन विकायला का तयार होतो.

घरची मजुरी फुकट?

शेतकरी आंदोलनाने आपल्याला पहिला धडा शिकवला तो उत्पादन खर्च मांडण्याचा. त्याआधी शेतकरी बियाण्याचे आणि खताचे पैसे तेवढे खर्चात धरत असे. बैल घरचे, शेणखत घरचे, राबणारी माणसे घरची. त्यांचा खर्च कसला? सरकारलाही हा भाबडेपणा सोयीचाच होता. मग शिबिराशिबिरांतून सांगावे लागले की घरच्या बाईची खुरपणी फुकट नाही, जमिनीचा खंड फुकट नाही, गुंतवलेल्या पैशाचे व्याज फुकट नाही. सी-२ खर्च म्हणजे काय, हे आज आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. पण तोच कार्यकर्ता पोराच्या शिक्षणाचा खर्च सांगताना फक्त फीची पावती पुढे करतो. हा तोच जुना भाबडेपणा झाला. पीक तेवढे बदलले.

तेव्हा हिशेब नीट मांडू. खासगी विनाअनुदानित कॉलेजातली चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी घेऊ. फी वर्षाला १ लाख धरू. कुठे ती कमी असते, कुठे दीड लाखाच्या वर जाते. चार वर्षांचे झाले ४ लाख. खोलीभाडे आणि खानावळ मिळून महिन्याला ८ हजार, वर्षाचे दहा महिने, म्हणजे चार वर्षांचे ३ लाख २० हजार. पुस्तके, लॅपटॉप, परीक्षा फी, येणेजाणे, कपडेलत्ते, राहिलेले विषय पुन्हा देण्याचा खर्च, या सगळ्यांचे ८० हजार. रोख खर्च झाला ८ लाख.

आता घरची मजुरी. अठरा वर्षांचा धडधाकट पोरगा चार वर्षे कामावर नाही. रोज ४०० रुपये आणि वर्षाचे २०० दिवस धरले तरी ३ लाख २० हजार झाले. पैसा एकदम लागत नाही, टप्प्याटप्प्याने लागतो, म्हणून ८ लाखांवर सरासरी दोनच वर्षांचे व्याज दहा टक्क्यांनी धरू. ते १ लाख ६० हजार. सगळी बेरीज १२ लाख ८० हजार. हा झाला पदवीचा सी-२.

हा आकडा आता आपल्या मापाने मोजू. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात बराचसा माल ४,००० ते ४,३०० ला गेला. ४,२०० चा भाव धरला तर नुसता रोख खर्च भागवायला १९० क्विंटल सोयाबीन लागते. एकरी ७ क्विंटल उताऱ्याने हे २७ एकरांचे पीक झाले. पाच एकरवाल्याने साडेपाच हंगाम बियाणे, खत, फवारणी, काढणी यांचा एक रुपयाही वजा न करता, घरात मीठमिरचीही न आणता, सगळी पट्टी नेऊन कॉलेजच्या खिडकीत भरली तर पोरगा पदवीधर होतो.

सरकारचा आकडाही पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबांची मिळकत मोजली. ती महिन्याला सरासरी १०,२१८ रुपये निघाली. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. म्हणजे सरकारी पाहणीतला सरासरी शेतकरी स्वतःच्या शेतात पीक घेऊन जेवढे मिळवतो त्यापेक्षा जास्त मजुरी करून मिळवतो. पिकाच्या या मिळकतीतून ८ लाख उभे करायचे तर साडेसतरा वर्षे लागतील. पोरगा जन्मला त्या दिवशी सुरुवात केली तर बारावीपर्यंत जेमतेम भरतील.

यावर कुणी म्हणेल, सवलती आहेत. आहेतच. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला निम्मी फी माफ होते. २०२४-२५ पासून अशा उत्पन्नगटातल्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. मुलींची फी माफ झाली याचे स्वागतच केले पाहिजे. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. रोख खर्चात फी निम्मी आहे. ती शून्य केली तरी खोलीभाडे, खानावळ आणि बुडालेली मजुरी शिल्लक राहते. शिवाय शिष्यवृत्तीचा पैसा सरकारकडून येतो सवडीने आणि कॉलेज मागते प्रवेशाच्या दिवशी. मधल्या काळात सावकाराच्या दारात उभा राहतो तो बाप.

सरकारनेच ठरवलेला भाव

खर्च कळला. आता या मालाला भाव काय मिळतो?

शेतमालाच्या बाबतीत हमीभाव जाहीर करण्याची पद्धत आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नकळत पदवीचाही भाव जाहीर केला. मुख्यमंत्र्यांच्या नावाने युवा कार्यप्रशिक्षण योजना निघाली. सुरुवातीला ती सहा महिन्यांसाठी होती. त्या योजनेत बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधर किंवा पदव्युत्तर मुलाला १० हजार विद्यावेतन ठरले. म्हणजे सरकारच्या लेखी बारावी आणि पदवी यांच्यातले अंतर महिन्याला ४ हजार रुपये आहे आणि आयटीआय व पदवी यांच्यातले फक्त २ हजार. १२ लाख ८० हजार गुंतवून महिन्याला ४ हजार जास्त. व्याज सोडून दिले तरी मुद्दल फिटायला साडेसव्वीस वर्षे लागतात. असला व्यवहार आपल्यापैकी कुणी म्हशीच्या खरेदीतसुद्धा करणार नाही.

योजनेचे विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे, हे मान्य. मग बाजारातला भाव पाहू. संगणक क्षेत्रातल्या मोठमोठ्या कंपन्या नव्या इंजिनिअरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. दहा-बारा वर्षांपूर्वीही त्या जवळपास तेवढेच देत होत्या. त्या काळात फी वाढली, खोलीभाडे वाढले, खानावळ वाढली. खर्च वाढतो आणि भाव जागच्या जागी राहतो, हे दुखणे आपल्याला नवे नाही.

आणि हा भाव ज्याला गिऱ्हाईक मिळाले त्याचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी भारतातल्या रोजगाराविषयीचा अहवाल २०२४ मध्ये काढला. त्यानुसार २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतली बेकारी २९.१ टक्के होती, तर ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांतली ३.४ टक्के. याचा अर्थ अडाण्याला चांगली नोकरी मिळते असा कुणी काढू नये. अडाण्याला घरी बसणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल त्या कामाला जातो. पदवीधराला बसायला कोणीतरी खाऊ घालावे लागते. कोण घालते? ज्याने साडेपाच हंगामांची पट्टी भरली तोच. पदवीचा उत्पादन खर्च पदवी मिळाल्यावरही थांबत नाही, तो असा.

डी.एड.चे उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढचे आहे. शिक्षक होण्याची खात्री म्हणून गावोगावच्या पोरापोरींनी डी.एड. केले. तालुक्यातालुक्यात डी.एड. कॉलेजे निघाली. मग २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबली आणि वर्षानुवर्षे रखडली. भावाच्या आशेने सगळ्यांनी कांदा लावला आणि काढणीच्या वेळी बाजार बंद झाला, तशी गत. ज्यांना जागा मिळाली ते तीन वर्षे शिक्षणसेवक. प्राथमिक शिक्षणसेवकाला २०२२ अखेरपर्यंत मानधन होते महिन्याला ६ हजार रुपये. ते १६ हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक तर पीएच.डी. करूनही तासावर राबतात. रोजंदारीवरच्या गड्याला निदान सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याचे काम धरता येते.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. परीक्षा शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये आणि राखीव वर्गाला ९००. हिशेब करा, ९० कोटींच्या घरात रक्कम जाते. एका जागेमागे दोनशेहून अधिक पोरे. त्यातल्या एकाला नोकरी मिळाली आणि बाकीच्यांचे हजार रुपये गेले. लॉटरीचे तिकीट यापेक्षा स्वस्त मिळते.

मग शेतकरी पैसे का भरतो?

इथवर वाचून एखादा शहरी शहाणा म्हणेल, शेतकरी अडाणी आहे, प्रतिष्ठेच्या मागे लागतो, त्याला समुपदेशन करा. हे आपण पूर्वीही ऐकले आहे. कर्ज झाले की म्हणत, लग्नात उधळतो. आता म्हणतील, पदवीवर उधळतो.

शेतकरी अडाणी नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे. त्याच्यापुढे प्रश्न असा नाही की पदवीत नफा किती. त्याच्यापुढे प्रश्न असा आहे की पोराला शेतीत ठेवले तर तोटा किती. शेतीत राहिलेल्या पोराची मिळकत शून्याच्या खाली असेल तर बाहेरचे १० हजारही सोन्यासारखे वाटतात. पदवीचा भाव पदवीच्या गुणामुळे टिकलेला नाही. शेतीची किंमत पाडून ठेवली आहे, म्हणून तो टिकला आहे. बुडत्या घरातून बाहेर पडायला लागेल ते मोल माणूस देतो. बाप कॉलेजला देतो ती फी शिक्षणाची नाही, शेतीतून सुटकेची आहे.

आणि शेतीची किंमत पाडतो कोण? ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनला चांगला भाव मिळत असताना दिल्लीने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसवले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली. ती मे २०२४ मध्ये उघडली तीही शुल्क ठेवून. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कापूस घरात यायच्या तोंडावर आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली. दिल्लीत असा एकेक कागद निघतो आणि पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत आणखी खुर्च्या मांडाव्या लागतात. कांदा उत्पादकाचा पोरगा बाजार समितीत बापाचा चेहरा पाहतो आणि ठरवतो की काहीही होऊ, कांदा लावणार नाही. त्याला ही अक्कल कॉलेजने दिली नाही, भावाने दिली.

लग्नाच्या बाजारातही तेच. पाच एकर बागायत असलेल्या, निर्व्यसनी, कष्टाळू पोराला मुलगी मिळत नाही आणि कंपनीत कंत्राटावर १५ हजार मिळवणाऱ्याला मिळते. मुलीच्या बापाला नावे ठेवू नका. तो स्वतः शेतकरी आहे, म्हणूनच तो शेतकऱ्याला मुलगी देत नाही. त्याला आतला हिशेब ठाऊक आहे.

कारखाना त्यांचा, कॉलेजही त्यांचेच

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, हे त्यांनी साहेबाला सुनावले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका म्हणत बहुजनांची पोरे वसतिगृहांत शिकवली. पोरगा काम करी आणि त्या कामावर शिके. बापाला रान विकावे लागत नसे.

१९८३ मध्ये राज्यात विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजे उघडायला परवानगी मिळाली. गावच्या पोरांना जागा मिळतील असे सांगितले गेले. जागा मिळाल्याही, नाही असे नाही. पण दुकान कुणाचे निघाले? उसाला भाव किती द्यायचा हे जो ठरवतो, त्याचेच बहुधा कॉलेज. उसाच्या बिलातून कपात त्याने केली, कॉलेजला जमीन त्याला मिळाली, आणि त्याच शेतकऱ्याच्या पोराला जागा विकून पैसाही त्यानेच घेतला. १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यावरूनच व्यवहार कसा चालला होता ते समजावे. एका खिशातून उसाचे पैसे कमी द्यायचे आणि दुसऱ्या खिशात फीचे जास्त घ्यायचे. कापणारा एकच, कापला जाणाराही एकच.

पुढे जागा इतक्या झाल्या की भरेनात. कित्येक कॉलेजे बंद पडली. तिथली यंत्रे गंजली, शिक्षकांचे पगार थकले. शेतकऱ्याच्या पोराने घेतलेली पदवी मात्र परत करता येत नाही. बोगस बियाणे निघाले तर निदान पंचनामा होतो.

एक एकर

हे सगळे मी बाहेर उभा राहून लिहीत नाही. १९९० मध्ये लक्ष्मीमुक्तीची हाक आली तेव्हा आमच्या गावात ज्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली त्यांत मीही होतो. एक एकर केली. चारातली चांगली एक, विहिरीत हिस्सा असलेली. मेळाव्यात उभा राहून ते सांगितलेही. टाळ्या पडल्या.

२०११ मध्ये थोरल्याला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. बँकेत गेलो तर पिकाचे कर्ज थकलेले, साहेबाने खुर्चीही दिली नाही. गिऱ्हाईक आले ते त्याच एकराला, कारण पाणी तिलाच होते. खरेदीखताच्या दिवशी बायको आली, सही केली, एक शब्द बोलली नाही. एकर गेला आणि त्याबरोबर विहिरीची पाळी गेली. उरलेले तीन एकर त्या दिवसापासून कोरडवाहू झाले. हा खर्च मी वरच्या हिशेबात धरलेला नाही.

पोरगा २०१५ मध्ये पदवीधर झाला. मेहनती आहे, व्यसन नाही. दोन वर्षे परीक्षा दिल्या. मग चाकणला कंत्राटदारामार्फत एका कारखान्यात लागला. चाकण म्हणजे जिथे शरद जोशींनी कांद्याचे पहिले आंदोलन उभे केले ते गाव. १९८० मध्ये जिथे भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसला, तिथे आज शेतकऱ्याचा पोरगा सकाळी सहाला कंत्राटदाराच्या गाडीची वाट पाहत उभा असतो. तीन कारखाने झाले, कायम कुठेच झाला नाही. दहा वर्षांनी त्याच्या हातात २२ हजार पडतात. त्यातले आठ हजार खोलीला जातात. त्याच्याबरोबर यंत्रावर उभा असलेला गडी आयटीआय झालेला आहे, त्याला एकवीस मिळतात.

मागच्या दिवाळीला हा विषय घरात निघाला. मी नेहमीचे बोलत होतो, सरकार, पुढारी, धोरण. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "माझी सही घेतली, सल्ला नाही घेतला." मला उत्तर देता आले नाही. धोरणाने लुटले हे खरेच. पण चार आकडे मांडून तिच्यापुढे ठेवले असते तर तिने विहिरीचा एकर राखला असता, एवढे मला आज कळते. बियाण्याची पिशवी उगवून पाहणारा मी, पण पोराच्या पदवीला डोळे झाकले.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप ठरलेला आहे. वरच्यांची पोरे शिकून परदेशात गेली आणि तुम्ही आमच्या पोरांना औत धरायला सांगता! औत धरा असे कुणी म्हटलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीतून परत येऊन आंबेठाणला शेती करणाऱ्या माणसाने हे आंदोलन उभे केले, शिक्षणाशी आमचे वैर असते तर ते कसे झाले असते? म्हणणे एवढेच की वाचता येणे, हिशेब करता येणे, कायदा कळणे, यंत्र दुरुस्त करता येणे हे शिक्षण. चार वर्षांनी हातात पडलेले भेंडोळे हे शिक्षण असेलच असे नाही. गावात सौरपंप बसले. ते बंद पडले की दुरुस्तीला माणूस तालुक्याहून येतो, तोही आठवड्याने. त्याच गावात तीन इंजिनिअर पोलीस भरतीसाठी धावतात.

दुसरा आक्षेप असा की सरासरी काढली तर पदवीधर बिनपदवीवाल्यापेक्षा जास्तच कमावतो. खरे आहे. पण त्या सरासरीत सातव्या वेतन आयोगाचा कायम नोकरदारही आहे आणि कंत्राटी पोरगाही. केंद्र सरकारात सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन २०१६ पासून १८ हजार आहे, वर महागाई भत्ता. ते मिळाले तर पदवी वसूल झाली. गंमत अशी की त्या पदाला दहावी पुरते. म्हणून तर पदवीधर शिपायाच्या जागेसाठी अर्ज करतात. सरासरी पावसाने विहीर भरत नाही, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, भीती आहे. हा लेख वाचून कुणी पहिली कुऱ्हाड मुलीच्या शिक्षणावर घालेल. तसे करू नका. मुलाची कॉलेजची चार वर्षे बुडालेल्या मजुरीत मोजता येतात. मुलीची ती चार वर्षे म्हणजे अठराव्या वर्षीचे लग्न टळणे, गावाबाहेरचे जग पाहणे आणि उद्या नवऱ्याने टाकले तर उभे राहायला पायाखाली काहीतरी असणे. १९८६ मध्ये चांदवडला लाखो मायबहिणी जमल्या त्या घराच्या हिशेबात आपली मोजदाद व्हावी म्हणून. मुलीच्या पदवीची किंमत पगारात काढायची नाही. शिवाय आज तिची फी माफ आहे. हिशेबानेही तीच आधी शिकली पाहिजे.

मेळाव्यापुढे

जिल्हा मेळाव्यात या विषयावर नुसती भाषणे नकोत. चार गोष्टी ठरवाव्यात.

एक, पदवीसाठी जमीन विकायची नाही. पाण्याची जमीन तर नाहीच. घरात चर्चा घरच्या लक्ष्मीसमोर व्हावी, सातबाऱ्यावर तिचे नाव असो वा नसो.

दोन, प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून चार आकडे लेखी मागावेत. किती पोरांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि एका वर्षानंतर किती टिकली, कोणत्या पगारावर. जे कॉलेज आकडे देणार नाही त्याची पिशवी परत करावी. आपल्या तालुका शाखांनी हे आकडे गोळा करून या पत्रकात छापावेत.

तीन, आयटीआय आणि पदविका यांना हलके समजणे बंद करावे. बारावीनंतर पोराला एक वर्ष काम करू द्यावे, मग ठरवावे. स्पर्धा परीक्षेला दोन वर्षांची मुदत घालावी आणि ती मुदत पोरानेच आधी बोलून दाखवावी.

चार, सरकारकडे मागणी करावी. जाहीर केलेली भरती मुदतीत पूर्ण झाली नाही तर परीक्षा शुल्क व्याजासह परत मिळाले पाहिजे. शैक्षणिक कर्ज थकले तर नोकरी न लागलेल्या पोराच्या बापाची जमीन आणि पीककर्ज यांना हात लागता कामा नये.

या चार गोष्टींनी जखमेवर पट्टी बसेल, जखम भरणार नाही. ती भरेल फक्त भावाने. आंतरवाली सराटीपासून मुंबईपर्यंत तरुण पोरे आरक्षण मागत फिरली, आश्वासने दिली गेली. त्यांच्या मागणीमागचे दुःख एकच आहे, शेतीत जगता येत नाही. शेतमालाचा बाजार मोकळा झाला, निर्यातबंदीचे कागद निघायचे थांबले, घामाला दाम मिळाला, तर शेतकऱ्याचा पोरगा कॉलेजच्या दारात लाचार होऊन उभा राहणार नाही. तो गिऱ्हाईक म्हणून उभा राहील, माल पारखून घेईल आणि आवडला नाही तर परत फिरेल. त्या दिवशी निम्मी दुकाने आपोआप बंद होतील आणि उरतील त्यांना खरेच शिकवावे लागेल.

मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका पदवीचा उत्पादन खर्च कागदावर मांडून आणावा. फी, खोली, खानावळ, व्याज, बुडालेली मजुरी, विकलेली जमीन, सगळे लिहावे. खाली आजचा पगार लिहावा. आणि तो कागद आधी घरात वाचून दाखवावा.